खासगी एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) असेसमेंट करून घेऊ का? आणि पुढे डोसचं काय? (इंग्लंड)

उतू_गेलेलं_दूध (रेडिंग), मार्च

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी पाल्हाळ आहे. घाई असेल तर सरळ शेवटचा परिच्छेद वाचा. मी स्वतः कायम तेच करते.

वय ३९. इंग्लंडात अकरा वर्षं झाली. एका मध्यम कंपनीत पेरोल बघते. दर महिन्याला तीनशे माणसांचे पगार माझ्या हातून जातात आणि आजवर एकाचाही चुकलेला नाही. हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण याच बाईने गेल्या वर्षभरात पार्किंगचे चार दंड भरलेत. चौदा दिवसांत भरले तर निम्म्यात सुटतात, पण चारांपैकी तीन मी पूर्ण भरले, कारण पाकीट 'उद्या उघडू' म्हणून फ्रिजवर ठेवलं होतं. जानेवारीत एकदा स्टेशनवर गाडी लावून लंडनला गेले. संध्याकाळी परतले तर ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं आणि सीटवर माझी बॅग. काहीही चोरीला गेलं नव्हतं. बहुधा चोरालाही तो सापळा वाटला असावा.

हे सगळं मी आजवर 'आपण अशाच' या खात्यात टाकत आले. माहेरी, कराडला, वेंधळी हे माझं विशेषण नव्हतं, दुसरं नाव होतं. मग आमच्या आठ वर्षांच्या चिरंजिवांसाठी शाळेने एक फॉर्म पाठवला. मूल वस्तू हरवतं का, सुरू केलेलं अर्धवट सोडतं का, बोलणं पूर्ण होण्याआधी मध्ये बोलतं का, वगैरे. तो दोन पानी फॉर्म भरायला मला पाच आठवडे लागले आणि शाळेने तीनदा आठवण केली. नवरा शांतपणे म्हणाला, "हा फॉर्म नक्की कुणाचा आहे?"

त्या रात्री मी मोठ्यांसाठीची एएसआरएस ही अठरा प्रश्नांची चाळणी सोडवली. पहिल्या सहांपैकी चार गडद चौकटीत आले तर पुढे तपासून घ्या म्हणतात. माझे सहाच्या सहा आले. (इतके पैकीच्या पैकी मार्क दहावीला गणितातही नव्हते.)

जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) गेले. तिने ऐकून घेतलं, हसली नाही, आणि सांगितलं की इथल्या एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) रांग महिन्यांत नाही, वर्षांत मोजायची. एक 'राइट टू चूज' नावाची वाट आहे म्हणाली, पण भेटीची दहा मिनिटं संपली. घरी येऊन खासगी दवाखाने पाहिले. एक ३९५ पौंड सांगतो, दुसरा ८५०. दोघांच्या साइटवर त्याच हसऱ्या बाईचा फोटो आहे.

तर प्रश्न असा: खासगी करून घेतलेलं कुणी आहे का इथे? ग्यानबाची मेख कुठे असते? निदान झालंच तर गोळ्या कोण देतं, डोस कोण आणि कशावरून ठरवतं? ऑफिसात एकजण ३० मिलिग्रॅमवर आहे, एकजण ७० वर, आणि दोघांची वजनं सारखीच दिसतात. माझ्या वडिलांची ५८व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

---

लेट_लतीफ (मँचेस्टर)

दूधताई, स्वागत. मेख असेसमेंटमध्ये नसते, त्यानंतर असते. मी ती पायात घुसल्यावर शिकलो, म्हणून जरा लांबण लावतो.

तीन वर्षांपूर्वी मी ७९५ पौंड भरून निदान करून घेतलं. निदान चांगलं झालं, डॉक्टर भला माणूस होता, तक्रार नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, झालं एकदाचं. पण तो तर नारळ फोडला होता फक्त. निदानानंतर औषध सुरू होतं तेव्हा थोड्या डोसपासून हळूहळू वर नेतात आणि कुठे बरं चाललंय ते शोधतात. त्याला टायट्रेशन म्हणतात. तो काळ पूर्णपणे खासगी: दर वेळच्या भेटीचे पैसे वेगळे, प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचे वेगळे, आणि दुकानात गोळ्यांची पूर्ण किंमत. मला महिन्याला गोळ्यांचेच ९०-९५ पौंड पडत होते. डोस स्थिर झाला की दवाखाना तुमच्या जीपीला पत्र लिहितो की आता रोजचं प्रिस्क्रिप्शन तुम्ही द्या, वर्षाची तपासणी आम्ही करू. हे 'शेअर्ड केअर'. मग तुम्ही एनएचएसच्या दरात येता.

आता मेख. शेअर्ड केअर घ्यायला जीपी बांधील नाही. माझ्या जीपीने दोन ओळींचं पत्र पाठवून नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणे खासगी निदानावर आम्ही देत नाही, हे आमच्या प्रॅक्टिसचं धोरण. झालं. चौदा महिने मी खिशातून भरत राहिलो. शेवटी घर बदललं म्हणून प्रॅक्टिस बदलली आणि नव्या जीपीने पहिल्या पत्राला हो म्हटलं. माणूस तोच, आजार तोच, रिपोर्ट तोच. फक्त पोस्टकोड वेगळा.

म्हणून एक पैसाही भरण्याआधी जीपीला लेखी विचारा: मी खासगी निदान केलं तर तुम्ही शेअर्ड केअर घ्याल का, आणि कोणत्या अटींवर? काउंटरवरच्या माणसाचं तोंडी 'हो, बहुतेक' हे उत्तर नव्हे. नाही म्हणाले तर राइट टू चूजचा विचार करा. त्यात जीपी तुम्हाला तुम्ही निवडलेल्या, एनएचएसशी करार असलेल्या संस्थेकडे पाठवतो आणि खर्च एनएचएस करतं. तिथेही रांग असते. असेसमेंटची एक आणि टायट्रेशनची दुसरी, हे मात्र लोक सांगत नाहीत. दोन्ही रांगा विचारून घ्या.

३९५ विरुद्ध ८५० बद्दल. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही, पण त्या रकमेत किती वेळ बसवतात आणि कोण बसवतं ते विचारा. संस्थेची नोंद सीक्यूसीकडे (दवाखान्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) आहे का, डॉक्टरचं नाव जीएमसीच्या (डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद) यादीत आहे का, हे दोन्ही घरबसल्या फुकट दिसतं. मे २०२३ मध्ये बीबीसीच्या पॅनोरामाने काही खासगी दवाखान्यांच्या घाईघाईच्या ऑनलाइन निदानांवर कार्यक्रम केला. तेव्हापासून बरेच जीपी खासगी रिपोर्ट हातात धरायच्या आधी झटकून बघतात. नुसत्या प्रश्नावलीवरून निदान करू नये असं नाइसच्या (उपचारांचे निकष ठरवणारी सरकारी संस्था) २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे: लहानपणापासूनचा इतिहास, मानसिक आरोग्याची पूर्ण चौकशी, जवळच्या कुणाचं निरीक्षण, हे सगळं हवं. रिपोर्टमध्ये ते दिसलं नाही तर जीपीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

डोसबद्दल: वजनाशी त्याचा थेट संबंध मोठ्यांत लावत नाहीत, त्यामुळे ऑफिसातल्या दोघांना विसरा. मी मिथाइलफेनिडेटच्या लांब चालणाऱ्या गोळीवर आहे. १८ मिलिग्रॅमपासून सुरू, मग ३६, मग ५४. ५४ वर माझं काम झकास चालायचं. एक्सेलच्या शीटमध्ये मान घातली की बाहेर नाही. तीन आठवड्यांनी बायको म्हणाली, "तू घरात असतोस पण बोलत नाहीस. मला बडबड्या नवरा परत दे, किल्ल्या मी शोधीन." परत ३६ वर आलो.

अवांतर: त्या गोळीचं कवच पोटात विरघळत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री अकराला हेल्पलाइनला फोन केला होता. तुम्ही करू नका.

---

रानवारा

राग मानू नका, पण आमच्या वेळी असली थेरं नव्हती. मुलं चंचल असायची, मास्तर दोन द्यायचे, सरळ व्हायची. आता मोबाइल चोवीस तास हातात आणि मग लक्ष लागत नाही म्हणून गोळ्या. सकाळी पाचला उठा, प्राणायाम करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सहा महिन्यांत फरक दिसेल.

---

उतू_गेलेलं_दूध

रानवारा काका, राग नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनच बघितला. मग तो कुठल्या खोलीत ठेवला ते दीड तास शोधत होते. आणि मास्तरांनी दोन नाही, बऱ्याच दिल्या होत्या. तेव्हा मोबाइल कराडात कुणाकडेच नव्हता.

लतीफ, फार फार धन्यवाद. लेखी विचारायचं डोक्यातच आलं नसतं. उद्याच ईमेल करते. (उद्या म्हणजे खरंच उद्या. नवऱ्याला आठवण करायला सांगितलंय.)

---

डोंगरवाट (ग्लासगो)

फक्त एक नोंद, नंतर वाचणाऱ्यांसाठी: राइट टू चूज इंग्लंडपुरतंच आहे. स्कॉटलंड, वेल्समध्ये ती वाट नाही. मी दोन महिने चुकीच्या फॉर्ममागे घालवले.

---

खलबत्ता (लेस्टर)

मी फार्मसीत काम करते, त्यामुळे गल्ल्याच्या आतल्या बाजूने चार गोष्टी. औषध कोणतं आणि किती हे मी सांगणार नाही, ते तुमचा प्रिस्क्रायबर ठरवेल.

मोठ्यांमध्ये बहुधा आधी दोनपैकी एक देतात: मिथाइलफेनिडेट किंवा लिस्डेक्साम्फेटामाइन. दुसऱ्याचं इथलं नाव एल्व्हान्स. हे पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, रक्तातल्या तांबड्या पेशी ते फोडून त्यातून डेक्साम्फेटामाइन मोकळं करतात, म्हणून हळू चढतं आणि दिवसभर टिकतं. साधारण ३० पासून सुरू करून पायरी-पायरीने नेतात, वरची मर्यादा ७०. मधल्या ४० आणि ६० च्या कॅप्सूलही असतात, हे लोकांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं ३०, ५०, ७० अशा तीनच इयत्ता आहेत. एक नाही जमलं तर दुसरं करून बघतात, दोन्ही नाही जमली तर ॲटोमॉक्सेटिन, पण त्याचा परिणाम दिसायला आठवडे जातात, आजच्या गोळीचं आज असं नसतं.

ही पहिली दोन्ही इथे कंट्रोल्ड ड्रग्ज (कडक नियंत्रणातली औषधं) आहेत, शेड्यूल २. म्हणजे प्रिस्क्रिप्शन त्यावरच्या तारखेपासून २८ दिवसांतच चालतं. एकोणतिसाव्या दिवशी तुम्ही कितीही गोड हसलात तरी मी देऊ शकत नाही. एका वेळी साधारण ३० दिवसांचंच लिहितात, 'रिपीट' लावून ठेवता येत नाही, आणि घ्यायला याल तेव्हा ओळखपत्र मागू शकतो. एडीएचडी असलेल्या माणसाला नेमकं हेच सगळं लक्षात ठेवायला लावायचं, ही व्यवस्थेची थट्टा मला रोज दिसते.

तुटवडा: सप्टेंबर २०२३ मध्ये या औषधांच्या टंचाईचा देशभर अधिकृत इशारा निघाला होता. त्या दिवसांत माणसं तीन-तीन शहरं फिरत होती. म्हणून शेवटची गोळी उरल्यावर येऊ नका, आठवडा आधी फोन करा.

आपल्या घरांत हमखास असतं म्हणून एक सांगते: अॅसिडिटीवर पाण्यात टाकून प्यायची फसफसणारी पावडर. तिच्यात खायचा सोडा असतो. सोड्याने लघवी अल्कलीकडे झुकते आणि ॲम्फेटामाइन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने उलट, लवकर निघून जातं. रोज घेत असाल तर प्रिस्क्रायबरला सांगा. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांबद्दलही आधी विचारा, त्या बीपी वाढवतात. आणि ताई, चहा किती होतो दिवसात?

भारतात जाताना: तीन महिने किंवा त्याहून जास्त पुरेल इतका साठा नेणार असाल तर होम ऑफिसचा (गृहखात्याचा) परवाना लागतो. कमी असेल तरी डॉक्टरांचं पत्र आणि मूळ खोकं जवळ ठेवा. ॲम्फेटामाइन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही भारतात १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात, त्यामुळे निघायच्या आधी भारतीय उच्चायुक्तालयाला विचारून घ्या. गाडी चालवत असाल तर प्रिस्क्रिप्शनचा पुरावा गाडीत असू द्या, आणि आजाराने किंवा औषधाने चालवण्यावर परिणाम होत असेल तर डीव्हीएलएला (वाहन परवान्यांचं खातं) कळवणं बंधनकारक आहे.

---

उतू_गेलेलं_दूध, नोव्हेंबर

धागा वर काढतेय. आठ महिने झाले. मध्ये 'काय झालं पुढे?' असे तीन व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले आणि तिन्हींना उत्तर द्यायचं राहिलं, माफी.

जीपीचं उत्तर अकरा दिवसांत आलं. घेऊ म्हणाले, पण अटींवर: निदान जीएमसीच्या तज्ज्ञ नोंदीतल्या मानसोपचारतज्ज्ञाचं हवं, रिपोर्ट नाइसच्या पद्धतीने हवा, डोस तीन महिने स्थिर हवा, आणि दर वर्षीची तपासणी दवाखान्यानेच करायची. ती ईमेल मी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. फ्रिजवर नाही. मग ८५० वाल्यांकडेच गेले.

असेसमेंट दोन बैठकांत, आधी दीड तास, मग पाऊण. डिव्हा नावाची एक ठरीव मुलाखत असते, त्यात प्रत्येक लक्षण दोनदा विचारतात: आत्ता आणि लहानपणी. बाराव्या वर्षाच्या आधीपासून खुणा हव्यात आणि एकाच ठिकाणी नाही, घरी-कामावर दोन्हीकडे हव्यात. मी पगार चुकवत नाही हे डॉक्टरने धरून ठेवलं. कसं जमतं ते सांग म्हणाली. मग मला सांगावं लागलं की पगाराच्या आदल्या आठवड्यात मी प्रत्येक आकडा तीनदा तपासते, एकदा मोठ्याने वाचून, आणि त्या आठवड्यात घरी भांडी, फोन, मूल, सगळं नवऱ्यावर असतं. हे मी कधी जोडून बघितलंच नव्हतं. तीनशे पगारांची किंमत कोण भरत होतं ते.

आईला एक प्रश्नावली होती. मी फोनवर वाचून दाखवली, भावाने लिहून घेतली, कारण मी लिहिली तर मीच माझी साक्षीदार. आईने माझ्यासाठी धांदरट, वेंधळी, विसरभोळी आणि अर्धवट असे चार वेगळे शब्द वापरले, आणि इंग्रजीत चारही एकाच खड्ड्यात जाऊन पडले. मग भावाने माळ्यावरून प्रगतिपुस्तकं काढली. चौथी, सहामाही, शेरा: 'हुशार आहे. खिडकीबाहेर बघते.' पाचवी: 'हुशार आहे, पण वही कधीच नसते.' डॉक्टरने त्या पिवळ्या पानांचे फोटो रिपोर्टला जोडले. बाईंचं अक्षर तसंच वळणदार होतं. मला जरा रडू आलं, पण ते निदानामुळे नाही, बाई आता नाहीत म्हणून.

थायरॉइड, झोप, चिंता, सगळं विचारलं. वडिलांचं सांगितलं तर तिने विचारलं की घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का, मला व्यायाम करताना चक्कर येते का. दोन्ही नाही म्हटल्यावर ईसीजीची गरज पडली नाही, पण बीपीचं मशीन घ्यायला लावलं. २२ पौंड, सगळ्या खर्चात तेवढाच सुखाचा.

आता डोस, ज्यासाठी खरं लिहायला बसले. एल्व्हान्स ३० वर सुरुवात. पहिल्या दिवशी साडेदहाच्या सुमारास काय झालं ते सांगते: स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद केल्यावर कळतं ना, की तो इतका वेळ चालू होता? तसं. मी खुर्चीवर बसून राहिले. आजूबाजूचं सगळं एकेक करून ऐकू येत होतं. मात्र दुपारी दोननंतर फॅन परत सुरू.

दोन आठवड्यांनी ५०. इथे एक गोष्ट कळली जी कुणी सांगितली नव्हती. गोळी लक्ष देते, पण कुठे द्यायचं ते सांगत नाही. एका शनिवारी मी सलग चार तास मसाल्याच्या बाटल्यांना लेबलं लावली, मोहरीच्या दोन जातींना वेगवेगळी. कौन्सिल टॅक्सचा कागद टेबलावर तसाच. आता गोळी घ्यायच्या आधी, पाणी तोंडात असतानाच, पहिलं काम कोणतं ते कागदावर लिहिते. एकच.

मग ७०. आणि इथे मी खोटेपणा केला.

दर आठवड्याला बीपी, नाडी, वजन आणि कसं वाटतंय ते ॲपवर भरायचं होतं. सुरुवातीला माझी नाडी ७६ होती. ७० वर बसल्या जागी ९८, १०१, १०४ यायला लागली. मी तीनदा मोजायची आणि सगळ्यात कमी आकडा पाठवायची. दात आवळून आवळून जबडा दुखायचा, तेही लिहिलं नाही. 'झोप: चांगली.' झोप कुठली, पहाटे दोनला मी छताशी गप्पा मारत होते. का केलं असं? एक भीती होती, की खरं सांगितलं तर औषधच काढून घेतील. पण त्याहून खोल काय होतं तर मार्कांची सवय. ७० म्हणजे वरची इयत्ता. खाली उतरणं म्हणजे नापास. खलबत्तांनी मार्चमध्येच 'इयत्ता' हा शब्द वापरला होता आणि मी वाचून हसलेही होते, तरी.

संध्याकाळी पाच-साडेपाचला औषध उतरायचं तेव्हा मी उतरायची नाही, कोसळायची. एकदा मुलाला बूट उलटे घातले म्हणून इतकी ओरडले की तो बूट न काढता तसाच जिन्यावर बसून राहिला. नवरा काही बोलला नाही. रात्री त्याने मला तीन आठवड्यांची एक यादी दाखवली: तारीख, वेळ, माझा आवाज चढला ते, मी जेवले की नाही ते. जेवण बहुतेक ठिकाणी फुली. भूकच लागत नव्हती, आणि मी चार चहा आधीसारखेच ढोसत होते. होय खलबत्ता, चार. मोठे मग.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या नर्सला फोन करून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, तिन्ही आकडे पाठवायचे असतात, सरासरी काढणं माझं काम आहे. आणि असंही म्हणाली की या टप्प्यावर निम्मे लोक हेच करतात, उरलेले निम्मे फॉर्मच भरत नाहीत. डोस लगेच ५० वर आणला, चहा एकावर, आणि गोळीच्या आधी भरपेट नाश्ता: दोन अंडी किंवा काल रात्रीची भाकरी-भाजी, भूक लागायची वाट न बघता. दुपारी एकला गजर लावून जेवण. पाचची कोसळण त्यानेच अर्धी कमी झाली. म्हणजे ती अर्धी गोळीची नव्हतीच, उपासाची होती. तरी नाडी नव्वदीतच रेंगाळत होती, म्हणून शेवटी ४०. आता ८० ते ८४ असते. ४० वर फॅन पूर्ण बंद होत नाही, कमी वेगावर चालतो. मी त्यात बोलू शकते, मुलाचं ऐकू शकते, आणि दूध उतू जातं आठवड्यातून एकदा. पाळीच्या आधीचे चार दिवस गोळी घेतली की नाही अशी शंका येते, इतका परिणाम उतरतो. ते नर्सला सांगितलं, तिने नोंद करून ठेवली, डोस बदलला नाही.

हिशोब, कारण कुणीतरी विचारणारच: असेसमेंट ८५०, टायट्रेशनच्या सहा भेटी मिळून ५४०, पाच महिन्यांच्या गोळ्या खासगी दुकानातून साधारण ४७०. लतीफ, तुमच्यापेक्षा स्वस्तात सुटले, ते तुमच्या त्या 'लेखी' या एका शब्दामुळे. शेअर्ड केअरचं पत्र गेल्या महिन्यात मंजूर झालं. जीपीचं पहिलं प्रिस्क्रिप्शन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फार्मसीत गेलंय, आता एका वेळचे ९ पौंड ९० पेन्स. जुन्या खासगी गोळ्या थोड्या शिल्लक होत्या म्हणून आणायला गेले नव्हते. आज शेवटची घेतली.

चिरंजिवांची असेसमेंट जानेवारीत आहे. या वेळचा फॉर्म नवऱ्याने भरला.

---

लेट_लतीफ (मँचेस्टर)

जिन्यावरच्या बुटांचं वाचून थांबलो जरा. आमच्याकडे बूट नव्हते, दप्तर होतं.

---

खलबत्ता (लेस्टर)

छान वाटलं वाचून. पण ताई, ते फार्मसीतलं प्रिस्क्रिप्शन कोणत्या तारखेचं आहे?

---

उतू_गेलेलं_दूध

थांबा, बघते.

---

उतू_गेलेलं_दूध

आज सत्ताविसावा दिवस. दुकान सहाला बंद होतं. निघाले.

---

खलबत्ता (लेस्टर)

ओळखपत्र घ्या!